सैन्यदलात वैमानिक व्हायचंय? आधी डोळे आणि जन्मतारीख, मग पुस्तकं

अकरावीचे वर्ग सुरू झाले की दरवर्षी कुणीतरी तास संपल्यावर टेबलाशी रेंगाळतं आणि हळूच विचारतं, "सर, मला एअर फोर्समध्ये पायलट व्हायचंय. कुठला क्लास लावू?" पूर्वी मी लगेच गणिताच्या पुस्तकांची नावं सांगायचो. आता आधी भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसायला लावतो आणि कपाटातला शिंप्याचा टेप काढतो.

त्याला कारण आहे. माझा एक विद्यार्थी होता. दोन वर्षं पहाटे पाचला उठून अभ्यास केला. एनडीएची, म्हणजे बारावीनंतर तिन्ही दलांचे अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, लेखी निघाली, एसएसबीत म्हणजे निवड मंडळाच्या पाच दिवसांच्या चाचणीत निवड झाली, वैमानिकांसाठीची मशीनवरची चाचणीही पार केली. वैद्यकीय तपासणीत कळलं की त्याला लाल-हिरव्यातला फरक नीट ओळखता येत नाही. उड्डाणासाठी तो अपात्र ठरला. हा दोष त्याच्या जन्मापासून होता. गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी ठिपक्यांच्या आकड्यांचं पुस्तक पाच मिनिटं समोर धरलं असतं तरी कळलं असतं. हे त्याला आधी सांगणं माझं काम होतं आणि मी ते केलं नव्हतं. फॉर्ममध्ये त्याने पुढचे पसंतीक्रमही भरले होते म्हणून तो आज लष्करात अधिकारी आहे. पण तेव्हापासून क्रम ठरला: आधी शरीर, मग विषय, मग जन्मतारखेचा हिशेब आणि त्यानंतर अभ्यास. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

डोळे

चांगल्या नेत्रतज्ज्ञाकडे जा. चष्म्याच्या दुकानातली तपासणी इथे पुरत नाही. तीन गोष्टी स्पष्ट विचारायच्या. पहिली, चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांची नजर किती आहे. उड्डाणासाठी एका डोळ्याची ६/६ लागते, दुसऱ्याची ६/९ चालते, तीही काचेने ६/६ होत असेल तर. दुसरी, नंबर असेल तर तो जवळचा की लांबचा. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून लागलेला मायनस नंबर एनडीएतून उड्डाण शाखेत जाताना चालत नाही. म्हणून बाहुली मोठी करणारे थेंब घालून तपासायला सांग, म्हणजे खरा नंबर कळतो. तिसरी, रंगदृष्टी. हिच्यावर औषध नाही, ऑपरेशन नाही.

नंबर आहे म्हणून घाईने लेसर करून घ्यायचा विचार असेल तर थांब. पदवीनंतरच्या प्रवेशात काही अटींवर अशी शस्त्रक्रिया चालते, पण विसाव्या वर्षाच्या आत केलेली चालत नाही. सतराव्या वर्षी लेसर करणं म्हणजे पुढचा उघडा असलेला दरवाजाही आपल्या हाताने बंद करणं.

चष्मा असलेल्या मुलांनी इथे वाचन सोडू नये. लष्कर, नौदल आणि हवाई दलाच्या जमिनीवरच्या शाखांचे निकष वेगळे आहेत. कॉकपिट नसेल तर काय चालेल, एवढं मात्र मनाशी आत्ताच ठरवून ठेवायचं.

टेप

आता भिंतीला टेकून बसायचं ते कशासाठी, ते सांगतो. उड्डाणासाठी उंची किमान १६२.५ सेंटिमीटर लागते, हे सगळ्यांना माहीत असतं. बाकीची तीन मापं सहसा कुणी सांगत नाही.

जमिनीवर बस, पाठ आणि कंबर भिंतीला चिकटव, पाय समोर सरळ. भिंतीपासून टाचेपर्यंतचं अंतर म्हणजे पायाची लांबी; ती ९९ ते १२० सेंटिमीटर हवी. मग स्टुलावर बस, पुन्हा पाठ भिंतीला, गुडघे काटकोनात. भिंतीपासून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंत मांडीची लांबी. ६४ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. आणि बसलेल्या स्थितीत बैठकीपासून टाळूपर्यंत ८१.५ ते ९६ सेंटिमीटर.

ही मापं कॉकपिटवरून आलेली आहेत. पाय आखूड असतील तर रडरच्या, म्हणजे विमानाच्या सुकाणूच्या, पेडलपर्यंत पोचत नाहीत. मांडी जास्त लांब असेल तर आणीबाणीत इजेक्शन सीट रॉकेटच्या जोराने वर उडते तेव्हा गुडघे समोरच्या कडेवर आपटू शकतात. बसून डोकं फार वर आलं तर छताला लागतं. म्हणून सहा फुटी, तगडा मुलगा लढाऊ विमानासाठी नापास होतो आणि पाच फूट पाच इंचांची मुलगी पास होते. पंधराव्या-सोळाव्या वर्षी मापं थोडी कमी भरली तर घाबरायचं नाही, वाढ बाकी असते. मांडी मात्र आत्ताच ६४ च्या पुढे असेल तर ती कमी होणार नाही.

याच फेरीत घरच्या डॉक्टरांकडून आणखी काही पाहून घ्यायचं: सपाट तळवे, उभं राहिल्यावर एकमेकांना घासणारे गुडघे, पाठीच्या कण्यातला बाक, नाकाचं वाकडं हाड, कानातला मळ, किडलेले दात. यातल्या बऱ्याच गोष्टींवर वर्षभर आधी उपचार होतात. कानात मळ होता म्हणून पुनर्तपासणीचे हेलपाटे घालणारी मुलं मी पाहिली आहेत. आणि टॅटू काढू नकोस. हाताच्या कोपराखालची आतली बाजू आणि तळहाताची मागची बाजू सोडली तर शरीरावर इतरत्र कायमचं गोंदण चालत नाही; जमातीच्या रूढीनुसार गोंदणाऱ्यांना सवलत आहे, मित्राबरोबर जत्रेत जाऊन काढलेल्या गरुडाला नाही.

विषय

हवाई दल आणि नौदलाच्या उड्डाणासाठी बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित, तिन्ही हवेत. आपल्याकडे अकरावीचा फॉर्म भरताना घरचे म्हणतात, "मेडिकलचं बघू, गणित सोड." गणित सोडलंस की हा रस्ता तिथेच संपला, आणि पदवीनंतरही तो उघडत नाही, कारण पदवीधरांच्या प्रवेशातही बारावीचं गणित आणि भौतिकशास्त्र विचारतात. जीवशास्त्र ठेवायचं असेल तर ठेव, पण गणिताच्या जोडीला.

दहावीत असशील तर आणखी एक वाट आहे. छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवा पूर्वतयारी संस्था आहे, १९७७ पासून चालू असलेली. दहावीनंतर प्रवेश परीक्षा आणि मुलाखत घेऊन ती मुलांना अकरावी-बारावीची दोन वर्षं आपल्याकडे राहायला घेते आणि एनडीएची तयारी करून घेते. मुलींसाठी अशीच संस्था २०२३ मध्ये नाशिकला सुरू झाली. अर्ज दहावीच्या वर्षातच करावा लागतो, नंतर आठवण होऊन उपयोग नाही. धाकटा भाऊ-बहीण आठवीत असेल तर नववीला सातारा किंवा चंद्रपूरच्या सैनिक शाळेचा विचार कर. हवाई दलप्रमुख झालेले एअर चीफ मार्शल प्रदीप नाईक साताऱ्याच्या सैनिक शाळेचेच.

ज्यांना यातलं काही मिळालं नाही त्यांनी खट्टू होऊ नये. तालुक्याच्या कॉलेजात शिकून निवड झालेली मुलं दरवर्षी असतात. मोठी फी घेऊन 'फाउंडेशन' म्हणून आठवीपासून गणवेश चढवणाऱ्या जाहिरातींपासून मात्र सांभाळून. तिथे गणवेश मिळेल, गणित तुझं तुलाच करावं लागेल.

जन्मतारखेचा हिशेब

एनडीएची परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते, साधारण एप्रिलमध्ये आणि सप्टेंबरमध्ये. वय कोर्स सुरू होताना साडेसोळा ते साडेएकोणीस. बारावीत शिकणारे बसू शकतात, अकरावीचे नाही.

वहीत मांडून बघ. समजा जन्म १० मार्च २००९ चा आणि बारावी मार्च २०२७ ला. आजच्या नियमाने पहिली संधी सप्टेंबर २०२६, बारावीत असतानाच. दुसरी एप्रिल २०२७. तिसरी सप्टेंबर २०२७. एप्रिल २०२८ च्या परीक्षेपर्यंत वय निघून गेलेलं असेल. म्हणजे मोजून तीन. ज्याने "बारावी होऊ दे, मग बघू" म्हटलं त्याच्याकडे त्याहूनही कमी उरतात. वर्गातच चार-सहा महिन्यांनी लहान असलेल्या मुलाला चौथी मिळते. आपला आकडा काय, हे अकरावीतच माहीत हवं.

यूपीएससी जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्रावरचीच धरते. तिथे चूक असेल, किंवा आईवडिलांची नावं आधारवर एक आणि प्रमाणपत्रावर दुसरी असतील, तर ते काम आत्ताच काढ. तलाठी ऑफिस आणि बोर्ड ऑफिसच्या फेऱ्यांना किती महिने लागतात ते घरच्यांना विचार.

लेखी परीक्षा

एकूण ९०० गुणांची. गणित ३००, १२० प्रश्न. सामान्य क्षमता ६००, १५० प्रश्न. दोन्हींना अडीच-अडीच तास, आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश भाग वजा. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, मराठीत नाही.

गेल्या काही वर्षांत लेखीचा कट-ऑफ ९०० पैकी साधारण २९० ते ३६० च्या दरम्यान राहिला आहे, शिवाय प्रत्येक विषयात किमान गुण लागतात. म्हणजे सगळं यायला हवं असं नाही. जे येतं ते चुकू नये. आपली मुलं गणितात १२० च्या १२० प्रश्नांना हात घालतात आणि वजा गुणांत बुडतात. मी सांगतो, ५० प्रश्न असे सोडव की त्यातले ४५ बरोबर यावेत. त्रिकोणमिती, सदिश, संभाव्यता, सांख्यिकी, निर्धारक हे धडे कमी कष्टात गुण देतात. कॅलक्युलस नंतर.

इंग्रजी २०० गुणांचं आहे आणि मराठी माध्यमाच्या मुलांचा पाय इथे अडकतो. रोज इंग्रजी वर्तमानपत्राचा एक लेख मोठ्याने वाचायचा. मोठ्यानेच, कारण पुढे एसएसबीत जीभ उचलावी लागते. भौतिकशास्त्र, इतिहास, भूगोल यांना शाळेची सहावी ते बारावीची पुस्तकं पुरतात. मागच्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडव. लेखीबद्दल यापेक्षा जास्त गूढ काही नाही.

फॉर्म भरताना पसंतीक्रम विचारतात तिथे घाई नको. हवाई दल पहिलं लिहिताना बाकीच्या रकान्यांचाही विचार कर. अलीकडच्या जाहिरातींत एका परीक्षेला हवाई दलाच्या १२० जागा असतात, त्यातल्या ९२ उड्डाणाच्या, आणि त्या ९२ मध्ये मुलींसाठी फक्त २. एनडीएचं दार मुलींना उघडलं ते सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशाने. पहिल्या १७ मुली ३० मे २०२५ ला खडकवासल्याच्या एनडीएतून शिकून बाहेर पडल्या. मुलींनी परीक्षा जरूर द्यावी, पण पदवीनंतरचा मार्ग पहिल्या दिवसापासून तितक्याच गांभीर्याने धरावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

एसएसबीचे पाच दिवस

लेखीइतकेच, म्हणजे ९०० गुण, या पाच दिवसांचे. हवाई दलाची निवड केंद्रं डेहराडून, म्हैसूर, गांधीनगर, वाराणसी अशा ठिकाणी आहेत.

पहिल्या दिवशी गाळणी. बुद्धिमत्तेचे प्रश्न, मग पडद्यावर एक अंधुक चित्र तीस सेकंद. त्यावर चार मिनिटांत गोष्ट लिहायची, ती गटात सांगायची आणि चर्चा करून एक सामायिक गोष्ट ठरवायची. पंधराजण एकदम बोलायला लागतात, मासळीबाजार होतो. इथून बरेचजण त्याच संध्याकाळी बॅगा उचलून स्टेशनवर येतात. आवाज चढवणारा टिकतो असं नाही. दुसऱ्याचं ऐकून त्याच्या गोष्टीला पुढे नेणारा लक्षात राहतो.

दुसरा दिवस मानसशास्त्राचा. बारा चित्रं, त्यातलं शेवटचं कोरं. साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद, मनात येईल ते वाक्य लिहायचं. साठ प्रसंग अर्ध्या तासात. इथे पाठ केलेली उत्तरं देऊ नये. क्लासमध्ये पढवलेली तीच ती वाक्यं तपासणाऱ्याने हजारदा वाचलेली असतात. पुढचे दोन दिवस मैदान: फळ्या, दोर, ड्रम घेऊन गटाने अडथळे ओलांडायचे, नकाशावर योजना आखायची, एकट्याने अडथळ्यांची रांग पार करायची. मधेच मुलाखत. शेवटच्या दिवशी कॉन्फरन्स.

याची तयारी दोन आठवड्यांच्या शिबिरात होत नाही. गणपती मंडळाचा हिशेब ठेवणं, कबड्डीच्या संघात खेळणं, गडावर जाताना मागे राहिलेल्याची सॅक घेणं, घरचं दूध घालून शाळेत येणं, यातून ती होत असते. मुलाखतीत हेच विचारतात. माझ्या एका विद्यार्थिनीने बाबांच्या आजारपणात तीन महिने किराणा दुकान चालवलं होतं आणि ते "सांगण्यासारखं काय" म्हणून ती गाळणार होती. उधारी कशी वसूल केली, हेच तिला पाऊण तास विचारलं गेलं.

सीपीएसएस: आयुष्यात एकदाच

उड्डाण शाखेसाठी हवाई दलाच्या केंद्रावर संगणकावर घेतली जाणारी ही वैमानिक अभिक्षमता चाचणी. लेखी पुन्हा देता येते, एसएसबीही पुन्हा देता येते. ही चाचणी नापास झालास की पुन्हा कधीच देता येत नाही, कुठल्याही मार्गाने आलास तरी.

दोन भाग असतात. एकात विमानातल्या तबकड्या वाचायच्या: उंचीमापक, वेगदर्शक, होकायंत्र, कृत्रिम क्षितिज. तबकड्यांवरून विमान कुठल्या दिशेला, वर चाललंय की खाली, कुठे कललंय, हे झटकन सांगायचं. दुसऱ्यात काठी आणि पेडल वापरून पडद्यावरची खूण जागेवर ठेवायची, आणि त्याच वेळी दिवे लागतात, आवाज होतात, त्यांनाही प्रतिसाद द्यायचा. तबकड्यांचा भाग घरी शिकता येतो आणि शिकूनच जायचं. उंचीमापकाचे दोन काटे पहिल्यांदा तिथेच पाहणं परवडणारं नाही. हातापायांच्या मेळाला सायकल, पोहणं, बॅडमिंटन उपयोगी पडतं. आदल्या रात्री पूर्ण झोप घ्यायची. आणि सूचना देताना एक शब्द जरी कळला नाही तरी हात वर करून विचारायचं. लाजेने गप्प बसण्यासारखं नुकसान इथे दुसरं नाही. "अनुभव म्हणून देऊन बघू" ही चाचणी मुळीच नाही.

एनडीए हुकलं तर

पदवी घे. ६० टक्के लागतात, मग शाखा कुठलीही असो, बारावीचं गणित-भौतिकशास्त्र आहेच. वीस ते चोवीस वयात एएफकॅट ही हवाई दलाची स्वतःची परीक्षा वर्षातून दोनदा होते. यातून उड्डाण शाखेत गेलास की नोकरी चौदा वर्षांची, मुदतवाढ नाही आणि पेन्शन नाही, हे घरात आधीच सांगून ठेवायचं. कायमस्वरूपी हवं असेल तर सीडीएस ही यूपीएससीची पदवीधरांसाठीची परीक्षा. आणि तिसरा, आपल्याकडे दुर्लक्षित मार्ग एनसीसीचा: एअर विंगच्या सीनियर डिव्हिजनचं 'सी' प्रमाणपत्र असेल तर लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबी. म्हणून कॉलेज निवडताना तिथे एअर विंग आहे का, हे विचार.

अग्निवीरवायू भरतीतून वैमानिक होता येतं का, असं पालक वारंवार विचारतात. नाही. ती भरती वेगळ्या कामांची, अधिकारीपदाची नाही.

तिन्ही दलांतलं उडणं वेगळं

आपल्या मुलांना फक्त हवाई दल माहीत असतं. गोव्याला दाभोळीला उतरताना दिसणारी लढाऊ विमानं नौदलाची असतात. आयएनएस हंसा हा तो तळ, मिग-२९के तिथली. समुद्रावर हलत्या जहाजावर उतरायचं कौशल्य ही नौदलाच्या वैमानिकाची खासियत. लष्कराची हेलिकॉप्टरं उडवायला शिकवणारी शाळा तर नाशिकला गांधीनगरमध्ये आहे; कॅप्टन अभिलाषा बराक तिथूनच २०२२ मध्ये लष्कराच्या पहिल्या महिला कॉम्बॅट एव्हिएटर झाल्या. सियाचिनसारख्या उंचीवर जखमी जवानाला आणायला जाणारी छोटी हेलिकॉप्टरं लष्करही उडवतं. हे ज्याला खरं काम वाटतं त्याने लष्कर दुसऱ्या क्रमांकावर नाइलाजाने लिहू नये.

निवड झाल्यावर

खडकवासल्याला तीन वर्षं, मग हैदराबादजवळ दुंडिगलची हवाई दल अकादमी. पहिले धडे पिलाटस पीसी-७ या विमानावर. पहिल्या काही उड्डाणांत उलट्या होणं नेहमीचं आहे, शरीर सरावतं. ठरलेल्या तासांत प्रशिक्षक समाधानी झाला की एकट्याने विमान न्यायचं, ते पहिलं सोलो.

त्यानंतर वाटणी होते: लढाऊ, मालवाहू, हेलिकॉप्टर. लढाऊ विमानांना निवडलेले पुढे बिदरला हॉक जेटवर जातात, मालवाहूवाले बेंगळुरूजवळ येलहंकाला, हेलिकॉप्टरवाले हकिमपेटला. ही वाटणी गुणवत्तेवर आणि दलाच्या गरजेवर ठरते, तुझ्या भिंतीवरच्या पोस्टरवर नाही. म्हणून "मला फक्त फायटर" म्हणणाऱ्या मुलाला मी एक प्रश्न विचारतो आणि उत्तर घरी लिहून आणायला सांगतो: पुरात अडकलेल्या गावाच्या छपरावरून माणसं उचलणारं हेलिकॉप्टर तुझ्या वाट्याला आलं, तर ते तू याच आनंदाने उडवशील का? उत्तर "हो" असेल तर उद्या सकाळी नेत्रतज्ज्ञाची वेळ घे, आणि शनिवारी टेप मोजायला ये.